तापाचें निदान

मोटार चालविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घड्याळांची जी ओळ असते, तींत एक लहानसा कांटा असा आहे कीं, सुखाच्या दिवसांत त्याच्याकडे कोणीच पाहत नाहीं. वेगाचा कांटा सर्वांच्या परिचयाचा. मुलें तर मागच्या बाकावरून मान पुढें काढून तोच वाचीत असतात. पेट्रोलच्या कांट्याकडे गृहस्थाश्रमी मनुष्याचें लक्ष महिन्याच्या अखेरीस विशेष जातें. परंतु इंजिनाची उष्णता दाखविणारा तो तिसरा कांटा घरांतल्या मितभाषी वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें मध्यावर स्वस्थ बसलेला असतो, आणि तो स्वस्थ आहे तोंवर त्याचें अस्तित्वहि कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. तो वर सरकूं लागला म्हणजे मात्र गाडींतलें संभाषण एकाएकीं थांबतें. अलीकडच्या कित्येक लहान गाड्यांत तर हा कांटा काढूनच टाकला आहे. त्याच्या जागीं एक तांबडा दिवा असतो, आणि तो लागतो तो बहुधा सर्व कांहीं होऊन गेल्यावर.

ताप हा स्वतःच रोग कीं रोगाची खूण, हा प्रश्न वैद्यकांत फार जुना आहे. लाइपझिग येथील डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनीं हजारों रोग्यांच्या अंगांतील उष्णतेचीं टिपणें ठेवून १८६८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ताप ही निरनिराळ्या रोगांची खूण आहे, तो कसा चढतो व कसा उतरतो हें पाहिल्यानें मूळ रोग ओळखतां येतो, ही दृष्टि पाश्चात्य वैद्यकांत रुजली. आपल्याकडे त्याच्या कितीतरी शतकें आधीं माधवकरानें आपल्या ग्रंथाच्या आरंभींच निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति अशीं रोग ओळखण्याचीं पांच साधनें मांडलीं, आणि तीं मांडून झाल्यावर मगच तो ज्वराकडे वळला. निदान म्हणजे मूळ कारण. पूर्वरूप म्हणजे रोग उघड होण्यापूर्वींचीं बारीक चिन्हें. रूप म्हणजे उघड दिसणारीं लक्षणें. उपशय म्हणजे कशानें बरें वाटतें व कशानें वाढतें याची परीक्षा. आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून रोगापर्यंतचा सारा प्रवास. माझें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलें. हे पांच शब्द मीं पुस्तकांत वाचले. पण ते कामाला लागलेले पाहिले ते रत्नागिरीजवळच्या एका मोटार-मिस्त्र्यांच्या पत्र्याच्या शेडमध्यें.

त्या शेडमध्यें शिरण्यापूर्वीं थोडें यंत्रशास्त्र सांगणें अवश्य आहे. इंजिन तापतें यांत नवल नाहीं. तें वितळत नाहीं, हेंच नवल. पेट्रोलचा भडका उडतो त्या क्षणीं नळकांड्यांतील वायूची उष्णता दोन हजार अंश सेल्सियसच्याहि वर जाते. आणि ज्या ॲल्युमिनियमचे दट्टे त्या भडक्याखालीं खालवर धांवत असतात, तें अवघ्या ६६० अंशांवर वितळतें. सादी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनियरानें १८२४ सालींच दाखवून दिलें कीं, उष्णतेपासून काम करून घ्यावयाचें तर तिचा कांहीं भाग थंड बाजूस सोडून द्यावाच लागतो. मोटारीच्या बाबतींत हा हिशेब स्थूलमानानें तीन वाटण्यांचा आहे. जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकीं सुमारें एकतृतीयांश चाकें फिरविण्याच्या कामीं येते, सुमारें एकतृतीयांश सायलेन्सरच्या नळीवाटे धुराबरोबर बाहेर जाते, आणि उरलेली सुमारें एकतृतीयांश इंजिनाभोंवतीं फिरणारें पाणी उचलून रेडिएटरपाशीं आणतें व तेथें वाऱ्याच्या स्वाधीन करतें. म्हणजे आपण विकत घेतलेल्या पेट्रोलपैकीं दोन वाटे केवळ निरोप देण्याकरितांच असतात. हा निरोप नीट झाला नाहीं, एखाद्या वाटेवर पाहुणे खोळंबले, कीं घरांत ताप सुरू होतो.

पाण्याच्या वाटेची व्यवस्था आपल्या गृहिणींना समजावून सांगावी लागणार नाहीं, कारण ती स्वयंपाकघरांतल्या कुकरसारखीच आहे. उघड्या भांड्यांतील पाणी शंभर अंशांवर उकळतें, आणि महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं त्याच्याहि चारपांच अंश आधींच. रेडिएटरच्या झांकणाची स्प्रिंग पाणी दाबून धरते, त्यामुळें तें सुमारें एकशेंवीस अंशांपर्यंत उकळत नाहीं. म्हणूनच तापलेल्या गाडीचें तें झांकण ताबडतोब उघडणें म्हणजे शिट्टी न काढतां कुकर उघडण्यासारखें आहे. दाब जातांच सारें पाणी एका क्षणांत उसळून हातातोंडावर येतें. हें झांकण सैल झालें, त्याचें रबर फाटलें, तरी गाडी गरम होऊं लागते. आणि बदलावयाच्या वस्तूंत तें सर्वांत स्वस्त असल्यामुळें त्याचा संशय बहुधा सर्वांत शेवटीं घेतला जातो.

आतां शेडमध्यें चलावें. मिस्त्री माझ्याहून आठदहा वर्षांनीं वडील. त्यांच्या भिंतीवर पाने टांगलेले आहेत, पण त्यांपैकीं एकाहि पान्याला हात लावण्यापूर्वीं ते गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवितात आणि प्रश्न विचारतात. गाडी केव्हां गरम होते? उभी असतांना कीं चालतांना? सपाटीवर कीं चढावर? सुरू केल्याबरोबर कीं तासाभरानें? पाणी घालावें लागतें काय, आणि लागत असेल तर तें जातें कोठें? खालीं जमिनीवर ओल दिसते काय? गिऱ्हाईक घाईचें असलें म्हणजे त्याला हा प्रकार वेळकाढूपणाचा वाटतो. एकदां एक गृहस्थ चिडून म्हणाले, "अहो, गाडी गरम होते एवढें सांगितलें ना? मग बघा तरी बॉनेट उघडून!" त्यावर मिस्त्री शांतपणें म्हणाले, "बॉनेट उघडलें म्हणजे इंजिन दिसेल, दादा. आजार दिसणार नाहीं."

या प्रश्नांची किंमत किती, हें मला कळलें तें माझ्या एका स्नेह्यांमुळें. हे स्नेही माध्यमिक शाळेंतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. त्यांच्या पत्नीला मूत्रपिंडाचा विकार जडला असून आठवड्यांतून दोनदां डायालिसिसकरितां तीस किलोमीटरांवरील रुग्णालयांत न्यावें लागतें. एस. टी. च्या वेळा जुळत नाहींत, आणि उपचार झाल्यावर बाई इतक्या थकलेल्या असतात कीं, एस. टी. ची वाट पाहत उभें राहणें त्यांना शक्य नसतें. त्यामुळें दारांतली पंधरा वर्षांची जुनी गाडी ही त्या घरांत चैनीची वस्तु नाहीं. ती औषधाच्या पेटीइतकीच जरुरीची आहे. ही गाडी एका वैशाखांत तापूं लागली. शहरांतल्या एका मोठ्या कारखान्यांत ती दाखविली, तेव्हां तेथें पाण्याची टांकी अर्धी रिकामी आढळली व वाफ येतांना दिसली. एवढ्यावरून हेड गॅसकेट गेलें आहे, इंजिन खोलावें लागेल, असें सांगून त्यांच्या हातीं एक एस्टिमेट देण्यांत आलें. तो आंकडा त्यांच्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून मोठा होता, आणि शिवाय गाडी दहाबारा दिवस तेथें राहणार होती. त्या दहाबारा दिवसांत तीन-चार खेपा येत होत्या. मास्तरांनीं बँकेंतली ठेव मोडण्याचें मनाशीं ठरविलें होतें. जाण्यापूर्वीं एकदां मिस्त्र्यांना दाखवावें, असा आग्रह मीं धरला.

मिस्त्र्यांनीं पहिलाच प्रश्न विचारला, "मास्तर, गाडी धांवतांना गरम होते कीं थांबल्यावर?"

मास्तर गणिताचे असल्यामुळें उत्तर नेमकें मिळालें. महामार्गावर कांटा मध्यावर असतो. बाजारपेठेंतल्या गर्दींत, किंवा रस्त्याच्या कामासाठीं वाहनें रोखून धरलीं म्हणजे, पांचसात मिनिटांत तो वर चढतो. पुन्हां वेग घेतला कीं खालीं येतो. "मग गॅसकेटचा विचार मागाहून करूं," मिस्त्री म्हणाले. गाडी धांवत असतांना रेडिएटरला वारा आपोआप लागतो. ती उभी राहिली कीं वारा घालण्याचें काम विजेच्या पंख्याकडे येतें. धांवतांना थंड आणि उभी राहतांच गरम, याचा अर्थ पंखा आपलें काम करीत नसावा. त्यांनीं इंजिन सुरू करून एअर कंडिशनरची कळ दाबली. ती दाबली कीं पंखा फिरूं लागावयास पाहिजे. तो फिरला नाहीं. त्यांनीं बॅटरीवरून दोन तारा थेट पंख्याला जोडल्या. पंखा भरकन फिरला. म्हणजे पंखा शाबूत, त्याला वीज पोहोंचत नव्हती. मग त्यांनीं फ्यूजच्या पेटींतून हॉर्नचा रिले काढला आणि पंख्याच्या रिलेच्या जागीं बसविला. आगपेटीहूनहि लहान अशी ती वस्तु. दोन्ही ठिकाणीं एकाच जातीची. हॉर्न मुका झाला आणि पंखा फिरूं लागला. सारें निदान वीस मिनिटांत झालें, व त्याला एकहि नवीन वस्तु लागली नाहीं.

येथेंच ते थांबले असते, तर मी त्यांना केवळ हुशार म्हटलें असतें. परंतु इतके दिवस वारंवार तापल्यामुळें खरोखरच गॅसकेटला इजा झालेली असण्याचा संभव होता, हें ते विसरले नाहींत. गॅसकेट फाटलें म्हणजे जळलेला वायु पाण्यांत शिरतो. टांकींत बुडबुडे येत राहतात. कोठेंहि ओल न दिसतां पाणी कमी होतें. नळींतून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो. कधीं इंजिनाचें तेल दुधाळ होतें. यांपैकीं एकहि चिन्ह नव्हतें. तरीहि त्यांनीं एका कांचेच्या नळींत निळा द्रव घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर धरली. पाण्यांत धुराचा अंश असेल तर हा द्रव पिंवळा पडतो. इंजिन बराच वेळ चालू ठेवलें. रंग निळाच राहिला. तेव्हां कुठें त्यांनीं मास्तरांना सांगितलें कीं, ठेव मोडण्याचें कारण नाहीं. मास्तर कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं चष्मा काढून पुसला. नवीन रिले आणि गेलेलें पाणी भरून काढण्यासाठीं कुलंट, इतकाच खर्च झाला, आणि त्याच आठवड्यांत ठरलेल्या दिवशीं गाडी रुग्णालयाच्या वाटेला लागली.

या प्रकारानंतर कांहीं महिन्यांनीं माझ्या स्वतःच्या गाडीला ताप आला, आणि तो अगदीं उलट जातीचा होता. बाजारांत, सपाटीवर, कितीहि वेळ उभी केली तरी ती थंड. परंतु कोल्हापुरास जातांना साखरप्याच्या पुढें आंबा घाटाची चढण लागली कीं कांटा वर जावयाचा. एका कारखान्यांत रेडिएटर धुऊन घेतला होता, थर्मोस्टॅट नवा बसविला होता, आणि आतां पाण्याचा पंप बदलावा अशी त्यांची सूचना होती. ही विचारसरणी निराधार नव्हती. उभी असतांना थंड व श्रम पडतांच गरम, हें लक्षण रेडिएटर आंतून चोंदला असतां किंवा पाण्याचा प्रवाह मंदावला असतां दिसतेंच. पण धुतलेल्या रेडिएटरनें तिळमात्र फरक पडला नव्हता, आणि हा न पडलेला फरक हीहि एक माहितीच होती. आमच्या मिस्त्र्यांनीं तिचा उपयोग केला. त्यांचा प्रश्न मला अजून आठवतो: "सर, चढावर कांटा आधीं चढतो, कीं गाडीची ताकद आधीं जाते?"

मीं आठवून पाहिलें. ताकद आधीं जात होती. दुसऱ्या वळणापासूनच गाडी जड वाटूं लागे, पाय अधिक दाबावा लागे, आणि कांटा त्यानंतर पांच मिनिटांनीं हालचाल करी. मिस्त्री म्हणाले, "मग पाण्याची वाट राहूं द्या. धुराची वाट बघूं."

सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारा डबा, एवढीच आपल्यापैकीं बहुतेकांची कल्पना असते. भारतांत १९९५ सालापासून, आरंभीं चार महानगरांत, नव्या पेट्रोल-गाड्यांना धूर शुद्ध करणारी आणखी एक पेटी लागूं लागली. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तिच्या आंत मधाच्या पोळ्यासारखीं हजारों बारीक छिद्रें असलेली चिनीमातीची वीट असून तिच्यावर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा लेप असतो. धुरांतील विषारी वायु या लेपाच्या संगतींत जळून निरुपद्रवी होतात. ही पेटी नेहमींच्या कामांतहि चारशें ते आठशें अंश तापलेली असते, आणि तें तिचें आरोग्यच होय. परंतु इंजिनाच्या एखाद्या नळकांड्यांत ठिणगी पडली नाहीं, मिस्त्री लोकांच्या भाषेंत गाडी 'मिसिंग' करूं लागली, तर तेथील पेट्रोल न जळतां तसेंच पुढें वाहत जातें, आणि जो भडका इंजिनांत उडावयाचा तो या पेटींत उडतो. मग ती लाल होते, आंतली वीट वितळून तिचीं छिद्रें बुजतात, आणि धुराला वाट उरत नाहीं.

त्या संध्याकाळीं अंधार पडल्यावर आम्ही गाडी जवळच्या चढणीवर दोनदां नेली आणि थांबून खालीं वाकून पाहिलें. पेटीचा पुढचा भाग मंद तांबडा दिसत होता, चुलींत विसरून राहिलेल्या पळीसारखा. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पेटीच्या अलीकडचा संवेदक काढून त्या छिद्रांत दाब मोजण्याचें घड्याळ बसविलें. निरोगी गाडींत येथें दर चौरस इंचास एकदोन पौंडांहून अधिक दाब असूं नये. इंजिनाचा वेग वाढवितांच कांटा त्याच्या पुष्कळ पुढें गेला. वाट चोंदली होती, हें सिद्ध झालें. तरी त्यांनीं पेटी बदलण्याची गोष्ट काढली नाहीं. त्यांनीं चारहि प्लग काढून उन्हांत धरले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर केंसाएवढी एक चीर होती.

संप्राप्ति म्हणतात ती ही. चिरेंतून वीज भलतीकडे जात होती, पण केवळ श्रमाच्या वेळीं. सपाटीवर ठिणगी कशीबशी पडे. चढावर ती चुके, न जळलेलें पेट्रोल पेटींत जाऊन जळे, पेटी वितळली, धूर मागें तुंबला, जळका उष्ण वायु नळकांड्यांत राहून नव्या हवेला जागा देईना, ताकद गेली, चालकानें पाय अधिक दाबला, आणि धुरानें न्यावयाची उष्णता पाण्याच्या गळ्यांत पडली. पाणी बिचारें दोन वाट्यांचें ओझें एकट्यानें किती वाहणार? शेवटीं कांटा चढला तो पाण्याचा, म्हणून सर्वांनीं दोष पाण्याला दिला. पेटी बदलावी लागली व तिचा खर्च बराच आला, हें खरें; पण प्लग तसाच ठेवून नुसती पेटी बदलली असती, तर नवी पेटीहि त्याच वाटेनें गेली असती. लाल झालेल्या पेटीचा धोका पैशापुरताच नसतो, हेंहि सांगितलें पाहिजे. उन्हाळ्यांत आमच्या सड्यांवर गुडघ्याएवढें वाळलेलें गवत असतें. अशी गाडी घाट चढून आल्यावर त्या गवतांत नेऊन उभी केली, तर पाहतां पाहतां वणवा लागूं शकतो.

उपशयाचें उदाहरण याहून सोपें आहे. गाडींत थंडीकरितां हीटर असतो, तो म्हणजे इंजिनाच्या उष्ण पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटरच. भर उन्हाळ्यांत गाडी तापूं लागली असतां एअर कंडिशनर बंद करून हा हीटर पूर्ण सोडला, तर आंतल्या मंडळींना घामाच्या धारा लागतात, पण कांटा कधीं कधीं उतरतो. गाडी सुरक्षित जागीं थांबवीपर्यंत तेवढा उपाय उपयोगी पडतो, आणि त्यांतून कळतेंहि कीं, पाणी फिरत आहे. उणीव आहे ती उष्णता बाहेर टाकण्यांत. हीटरमधून थंडच हवा आली, तर पाणीच कमी झालें असावें किंवा पंपानें काम सोडलें असावें. सुरू केल्यावर कांटा झरझर चढला आणि रेडिएटरकडे जाणारी वरची नळी मात्र हाताला गार लागली, तर थर्मोस्टॅट मिटलेला राहिला असें समजावें. पुष्कळ निदानें अशीं फुकट होतात; फक्त उत्तर ऐकण्याइतकी सवड पाहिजे.

या थर्मोस्टॅटचीच एक निराळी कहाणी आहे. मेण भरलेली ही लहानशी डबी इंजिन साधारण ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत ऊबदार होईतों पाण्याला रेडिएटरकडे जाऊं देत नाहीं, आणि मेण वितळून फुगलें कीं दार उघडते. आपल्या देशांत ठिकठिकाणीं असा प्रघात पडला आहे कीं, गाडी तापली म्हणजे ही डबी काढून फेंकावयाची. 'आपल्या हवेंत याची जरूरच नाहीं,' असें वर सांगण्यांतहि येतें. डबी गेली म्हणजे सपाटीवर कांटा खालीं राहतो, आणि गिऱ्हाईक संतुष्ट होऊन जातें. परंतु इंजिन आतां पुरतें तापतच नाहीं. पेट्रोल अधिक जातें, तेल लवकर खराब होतें, झीज वाढते, आणि मूळचा दोष डबीचा नसेल तर पुढच्या घाटांत गाडी पुन्हां उकळते ती उकळतेच. रोग्याचा ताप उतरला कीं नाहीं हें थर्मामीटर लपवून ठरविण्यासारखाच हा प्रकार होय.

हल्लीं गाडीला जोडावयाचें एक संगणकयंत्र प्रत्येक कारखान्यांत असतें, आणि जुन्या मिस्त्र्यांची थोरवी गातांना त्याची टवाळी करण्याची चाल पडली आहे. मला ती मान्य नाहीं. आमच्या मिस्त्र्यांपाशींहि तें आहे, आणि कोणत्या नळकांड्यांत ठिणगी चुकते हें तें जितक्या लवकर सांगतें तितक्या लवकर माणसाचा कान सांगूं शकणार नाहीं. माझ्या गाडीला जोडल्यावर त्यानें प्रथम पेटी निकामी झाल्याचा संकेत दिला, आणि तो खराच होता. मिस्त्री एवढेंच म्हणाले, "हें मशीन मेलेल्याचें नांव सांगतें, सर, मारणाऱ्याचें आपण शोधायचें." यंत्र तक्रार नोंदवून घेतें, तक्रारीमागची हकीकत मात्र माणसालाच जुळवावी लागते. यंत्र असूनहि प्रश्न विचारणारा माणूस लागतोच, आणि नुसता प्रश्न विचारणारा माणूसहि यंत्रावांचून पुष्कळदां अडतो.

मला चिंता वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. मास्तरांच्या कामाचे पैसे द्यावयाची वेळ आली, तेव्हां मिस्त्र्यांनीं रिलेची व कुलंटची किंमत आणि थोडी मजुरी एवढेंच घेतलें. सारा सकाळचा वेळ गेला होता, चाळीस वर्षांचा अनुभव कामीं आला होता, एका घराची ठेव वांचली होती. आणि त्याबद्दल हिशेबाच्या कागदावर एकहि ओळ नव्हती. मास्तर अधिक पैसे देऊं लागले, तेव्हां मिस्त्री हंसून म्हणाले, "वस्तु किती लागल्या तेवढेच घेतों. विचार केल्याचे पैसे मागितले, तर लोक भांडायला येतील." हें त्यांचें बोलणें विनोदाचें नव्हतें. आपण नव्या पंपाचे पांच हजार रुपये विनातक्रार मोजतों, कारण तो पंप हातांत घेऊन पाहतां येतो. परंतु पंप बदलण्याची जरूर नाहीं एवढें ठरविण्यासाठीं कोणी दोन तास खर्च केले, तर त्याचे पांचशें रुपये देतांना आपल्याला लुबाडल्यासारखें वाटतें. ज्ञान फुकट आणि वस्तु महाग, असा व्यवहार गिऱ्हाइकांनींच रूढ केल्यावर कारखाने वस्तु विकण्याकडे वळले, यांत नवल तें काय? त्या मोठ्या कारखान्यांतील माणसें अप्रामाणिक होतीं, असें मी म्हणणार नाहीं. विचार करण्याला जेथें दाम नाहीं तेथें सहज सुचेल तें कारण खरें मानून पुढें जाण्यावांचून त्यांना गत्यंतरच राहत नाहीं.

मिस्त्र्यांचा मुलगा आखातांत नोकरीला आहे. तेथील एका कारखान्यांत तो हेंच काम करतो आणि, मिस्त्री सांगतात, तेथें दोष शोधण्याचे तास निराळे लिहितात व त्यांचे पैसे मिळतात. तो परत येऊन ही शेड चालवील काय, असें मीं विचारलें नाहीं. शेडमध्यें सध्यां दोन पोरगे शिकत आहेत. त्यांतला मोठा गाडी येतांच पाना उचलतो, आणि मिस्त्री त्याच्या हातांतून तो काढून घेऊन त्याला गिऱ्हाइकासमोर स्टुलावर बसवितात.

गेल्या वैशाखापासून माझ्या परिचयांतल्या कांहीं मंडळींनीं मिळून एक लहानसा रिवाज पाडला आहे. गाडी दाखवावयास गेलें म्हणजे कांहींहि बदलावें लागलें नाहीं तरी तपासणीची ठराविक रक्कम देऊनच उठावयाचें. मिस्त्र्यांनीं पहिल्यांदा ती परत केली. दुसऱ्यांदा त्यांनीं ती घेतली. तिसऱ्यांदा त्या मोठ्या पोरग्यानें हिशेबाच्या वहींत पहिल्याच ओळीवर, अक्षर न अक्षर जपून, लिहिलें: 'तपासणी.' हा शब्द त्या वहींत त्यापूर्वीं कधीं आला नव्हता. तो तेथें टिकावा, कारण आठवड्यांतून दोनदां पहाटे मास्तरांची गाडी त्याच रस्त्यानें रुग्णालयाकडे जाते, आणि एखाद्या दिवशीं तिचा कांटा पुन्हां हलला, तर कोणी तरी आधीं प्रश्न विचारणारा त्या रस्त्यावर असावा लागेल.